छातीचं हाड आणि तळहातावरचे फोड: सॅफो नावाच्या दुखण्याबद्दल

आमच्या मावशीचे तळहात कापूस वेचणीच्या दिवसात फुटायचे. बारीक पिवळे फोड, ज्वारीच्या दाण्याएवढे, आत पू, आठ-दहा दिवसांत वाळून तपकिरी व्हायचे आणि मग कातडीचे पापुद्रे निघायचे, ते निघतात न निघतात तोच नवे यायचे. पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड टोकदार असतं, बोटाला टोचतंच, वरून फवारणी झालेली असते, त्यामुळे घरात कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तळपायालाही यायचे पण ते चिखल्या म्हणून खपून गेलं.

तीनेक वर्षांनी तिचं गळ्याखालचं हाड दुखायला लागलं, जिथं काळी पोत टेकते ना, बरोबर तिथं. हळूहळू तिथं टेंगूळ दिसायला लागलं. रात्री कूस बदलली की जाग यायची, सकाळी हात वर करून केस बांधता यायचे नाहीत. मावशी म्हणे, "हंडा उचलला असन जोरात, भरली असन छाती." छाती म्हटल्यावर आधी हार्टचा पेपर काढला, तो बरा आला. मग हाडाचे डॉक्टर, मग एक्स-रे, मग "टीबी वाटतो" म्हणून गोळ्या. सात महिने त्या गोळ्यांनी लघवी लाल होत राहिली, दुखणं होतं तसंच. आणि हाताच्या फोडांसाठी वेगळे डॉक्टर, वेगळं मलम, वेगळी पिशवी. दोन्ही पिशव्या मयालीला शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या आणि त्या दोन पिशव्यांत एकच रोग आहे हे कळायला आम्हाला साडेचार वर्षं लागली.

त्या रोगाचं नाव सॅफो. मी डॉक्टर नाही, पण मावशीबरोबर ओपीडीच्या लाईनीत बसून, डॉक्टरांना विचारून विचारून आणि नंतर स्वतः वाचून जे समजलं ते इथं लिहितोय, कारण मराठीत याबद्दल वाचायला मला काहीच नीट मिळालं नव्हतं.

## सॅफो म्हणजे नेमकं काय

हे नाव पाच इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांचं आहे. सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची सूज. ॲक्ने म्हणजे मुरुम, पण नेहमीचे नाही तर मोठे, खोल, गाठीचे. पस्ट्युलोसिस म्हणजे तळहात-तळपायावरचे पूचे फोड. हायपरऑस्टोसिस म्हणजे हाड वाजवीपेक्षा जाड होणं. आणि ऑस्टायटिस म्हणजे हाडाच्या आतली सूज. एवढं एकदा लक्षात ठेवा, पुढं मी हे शब्द वापरणार नाही.

पाचही गोष्टी एकाच माणसात पाहिजेत असं काही नाही. कोणाला फक्त हाड आणि फोड, कोणाला हाड आणि मुरुम, आणि काही जणांच्या तर कातडीवर कधीच काही येत नाही. १९८७ साली फ्रान्समधल्या सांध्यांच्या डॉक्टरांनी देशभरातून असे ८५ पेशंट गोळा केले आणि तेव्हा हे नाव ठेवलं. त्याआधीही जपान, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी असे पेशंट पाहिले होते, पण ज्यानं छाती पाहिली त्यानं छातीचं नाव दिलं, ज्यानं कातडी पाहिली त्यानं कातडीचं, अशी डझनावारी नावं झाली होती. म्हणजे आमच्या घरी जे दोन पिशव्यांचं झालं तेच तिकडं मोठमोठ्या दवाखान्यांत झालेलं होतं, हे वाचलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं खरं.

रोग दुर्मीळ आहे. साधारण दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी असा अंदाज सांगतात. जास्त करून तिशी ते पन्नाशीत दिसतो, बायांमध्ये थोडा जास्त.

## जागल्यानंच वावर तुडवलं तर

आपल्याकडं तूर, चना, सोयाबीन उभं असलं की रानडुकरांसाठी रात्री जागलीला जावं लागतं. मचाणावर बसायचं, खसखस ऐकू आली की टिनाचा डबा वाजवायचा, बॅटरी मारायची, काठी घेऊन धावायचं. शरीरातही अशीच जागल चालू असते. बाहेरचा जंतू आला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. ही सूज म्हणजे जागल्याचं काम आहे, ती वाईट नाही.

आता समजा एखाद्या रात्री डुक्कर आलंच नाही. नुसती वाऱ्यानं पानं हलली, आणि पाच-सहा जण काठ्या घेऊन उभ्या पिकातून धावत सुटले. सकाळी पाहता तर चना आडवा. डुकराचं पाऊल कुठंच नाही, सगळे ठसे आपल्याच माणसांचे. सॅफोत हेच होतं. शरीराची जागल नको तिथं, नको तेवढी धावते आणि हाड, सांधा, कातडी तुडवते.

ती का धावते याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडं नाही. केसांच्या मुळाशी राहणारा, मुरुमांशी संबंध असलेला एक जंतू आहे, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, तो काही पेशंटच्या हाडाच्या तुकड्यात सापडलाय. पण बऱ्याच जणांत सापडत नाही. त्यामुळे एक विचार असा आहे की हा साधा, गरीब जंतू पान हलल्यासारखा निमित्त होतो आणि बाकीचं नुकसान जागलच करते. यावर एकमत नाही.

## पण पू आहे ना, मग इन्फेक्शन नाही कसं?

हा प्रश्न आमच्या गावात प्रत्येकानं विचारला आणि तो बरोबरच आहे. पू म्हटलं की जंतू, जंतू म्हटलं की अँटिबायोटिक, असं आपलं डोक्यात बसलेलंय.

पू म्हणजे मुळात काय तर मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग. जंतूंशी लढून मेल्या तरी पू होतो, आणि विनाकारण एका जागी जमून मेल्या तरी पू होतो. मावशीच्या फोडातलं पाणी लॅबमध्ये लावलं तेव्हा त्यात काहीच वाढलं नाही. तळहाताच्या या फोडांत असंच असतं, नुसत्या पेशी, जंतू नाही. म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स करून ते कायमचे जात नाहीत. काही पेशंटना ॲझिथ्रोमायसिनसारखं औषध बरेच आठवडे देऊन पाहिलंय, त्यांना घेतंपर्यंत फरक पडला आणि बंद केल्यावर दुखणं परत आलं.

## हाड फुगतं का

कुडाच्या घराची भिंत पाहिली असेल. भेग पडली की लिंपण, परत भेग, परत लिंपण, असं वीस वर्षं केलं की ती भिंत एका जागी जाडजूड होते, पण मजबूत झालेली नसते, नुसती जाड झालेली असते. हाड जिवंत असतं, त्यात जुनं खाणाऱ्या पेशी असतात आणि नवीन बांधणाऱ्या पेशी असतात. सूज वारंवार आली की खाणंही चालतं आणि बांधणंही चालतं, शेवटी बांधणाऱ्यांचा हात वर होतो आणि हाड जाड, ओबडधोबड होत जातं. मावशीचं टेंगूळ ते हेच. त्यात पू भरलेला नव्हता, ती गाठही नव्हती, तिचं स्वतःचंच हाड होतं.

जाड झालेलं हाड कधी कधी शेजारच्या गोष्टी दाबतं. कॉलर बोनच्या खालून हाताची मोठी रक्तवाहिनी जाते, ती दाबली जाऊन हाताला सूज येऊ शकते, आतमध्ये रक्त गोठू शकतं. असं क्वचित होतं, पण एक हात अचानक सुजला, निळसर झाला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

## दुखतं कुठं आणि कसं

मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त छातीचा वरचा पुढचा भाग, जिथं कॉलर बोन, वरच्या फासळ्या आणि छातीचं मधलं हाड एकत्र येतात. बहुतेक पेशंटचं दुखणं तिथंच असतं. त्यानंतर पाठीचा कणा, कंबरेखालचे सांधे, कधी जबडा, कधी मांडीचं हाड.

कामानं अंग दुखणं आणि हे दुखणं यात फरक आहे. दिवसभर निंदण करून कंबर दुखते ती रात्री आडवं झाल्यावर उतरते. हे उलटं, आराम केला की वाढतं, पहाटे जास्त, उठल्यावर अर्धा-एक तास अंग आखडलेलं, आणि हालचाल केली की थोडं मोकळं होतं. मावशी म्हणायची, "कामात असली का बरं वाटते, निजली का मरण येते." घरच्यांना वाटायचं की दिवसभर वावरात काम करते म्हणजे तसं काही खास दुखत नसेल. हे एक वाक्य डॉक्टरला नीट सांगितलं असतं तर बरंच काही लवकर झालं असतं असं मला आजही वाटतं.

आणि हे दुखणं सारखं एकसारखं राहत नाही. चार महिने जोरात, मग सहा महिने काहीच नाही, मग परत. बरं वाटलं की पेशंट दवाखाना सोडतो, परत दुखलं की नवीन दवाखाना आणि परत पहिल्यापासून सगळं.

## आपल्या भागात हे ओळखायला जास्त अवघड का

इथं मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण पुस्तकात सॅफो वेगळा असतो आणि विदर्भातल्या खेड्यात वेगळा दिसतो.

पहिलं म्हणजे टीबी. आपल्याकडं टीबी भरपूर, हाडातही होतो, मणक्यात तर होतोच. त्यामुळे हाड खराब दिसलं की डॉक्टर आधी टीबीचा विचार करणार आणि त्यांनी तो करायलाच पाहिजे, सॅफोपेक्षा टीबी कितीतरी पट जास्त लोकांना होतो. प्रश्न तिथं येतो जिथं तुकडा न तपासता नुसत्या एक्स-रेवर गोळ्या सुरू होतात आणि फरक पडत नसतानाही कोणी मागं वळून पाहत नाही. हाडाचा तुकडा काढून त्याची टीबीची तपासणी होते, सीबीनॅट नावाची, कल्चर होतं, पॅथॉलॉजीवाले सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सॅफोत त्या तुकड्यात सूज दिसते पण जंतू नाही. कॅन्सर नाही हेही त्यातूनच कळतं, आणि मोठ्या वयात ते कळणं फार गरजेचं असतं. ज्यांच्या टीबीच्या गोळ्या आत्ता चालू आहेत त्यांनी हे वाचून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरला फक्त एवढं विचारा, की तपासणीत टीबी सापडला होता का, आणि नसेल तर परत एकदा पाहता का.

दुसरं सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल घराघरात आहे आणि त्यातही हाडं भयंकर दुखतात, कारण वाकड्या झालेल्या लाल पेशी हाडाचा रक्तपुरवठा अडवतात. अशा पेशंटना हाडात खरंखुरं इन्फेक्शनही होतं. रक्ताच्या तपासणीत सिकलसेल कळतो. पण सिकलसेलचं कार्ड हातात असलं की प्रत्येक दुखणं त्याच्याच नावावर जातं, हेही पाहिलंय. सिकलसेल असलेल्या माणसाला दुसरा रोग होत नाही असं थोडीच आहे.

तिसरं पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. त्यानंही हाडं जाड होतात, पाठ आखडते, दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. फरक असा की फ्लोराइड अख्ख्या सांगाड्यावर काम करतं आणि सॅफो काही ठरावीक जागा पकडतो.

आणि चौथं, ज्याला मी सगळ्यात मोठं कारण समजतो, ते म्हणजे आपण छातीचं दुखणं दाखवायला गेलो की हाताचं सांगत नाही. कातडीचे फोड आणि हाडाचं दुखणं कधी सोबत येतात, कधी त्यांच्यात वर्षानुवर्षांचं अंतर असतं, वीस वीस वर्षांच्या अंतरानं आल्याच्याही नोंदी आहेत. कोण सांगणार की अठराव्या वर्षी पाठीवर गाठीगाठीचे मुरुम होते? डॉक्टरकडं पाच मिनिटं असतात, मागं लाईन असते, आपण "छाती दुखते" एवढंच सांगतो. मावशीचं निदान झालं ते एका शिकाऊ डॉक्टर मुलीमुळं. तिनं नाडी बघायला हात हातात घेतला, तळहात उलटा केला आणि म्हणाली, "आजी, हे कधीपासून आहे?" मावशी म्हणाली, "हे? हे तर पऱ्हाटीचं होय." तिनं ते ऐकून सोडून दिलं नाही.

## "रक्ताचे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग रोग कसला?"

सॅफोची रक्ताची अशी एक पक्की टेस्ट नाही. सूज मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या टेस्ट वाढलेल्या असू शकतात, थोड्याच वाढलेल्या असू शकतात किंवा अगदी नॉर्मल असू शकतात. सांधेवाताची आरए टेस्ट सहसा निगेटिव्ह येते. मग घरचे म्हणतात की रिपोर्ट चांगले आहेत, हिच्या मनाचंच आहे. बायांच्या बाबतीत हे फार लवकर म्हटलं जातं, मी स्वतःच्या घरात ऐकलंय आणि मला त्याची लाज वाटते.

निदान होतं ते सगळं एकत्र मांडून. फोड, दुखण्याची जागा, दुखण्याची तऱ्हा, एक्स-रे किंवा सीटी, एमआरआय, आणि दुसरे रोग नाहीत याची खात्री. एक तपासणी बोन स्कॅन नावाची आहे. शिरेतून थोडंसं किरणोत्सारी औषध देतात, दोन-तीन तासांनी ते हाडांत जाऊन बसतं, जिथं हाडाची उलथापालथ जास्त तिथं जास्त जमतं आणि फोटोत ती जागा ठळक दिसते. काही पेशंटमध्ये छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग आणि दोन्ही बाजूंचे कॉलर बोनचे सांधे एकदम उठून दिसतात आणि त्याचा आकार होतो थेट बैलाच्या डोक्यासारखा, मधे कपाळ आणि वर दोन शिंगं. डॉक्टरही त्याला बैलाचं डोकंच म्हणतात. मावशीचा स्कॅन पोळ्याच्या आठवड्यातच झाला होता, तिला फोटो दाखवला तर ती पाहतच राहिली, म्हणाली, "माह्या अंगात बैल हाये." सगळ्यांच्या स्कॅनमध्ये हा बैल दिसत नाही, पण दिसला तर शंका बरीच कमी होते.

## हे दुसऱ्याला लागतं का?

नाही. अजिबात नाही. ताटातून, पाण्यातून, हात लावल्यानं, एका खाटेवर झोपल्यानं, कशानंच नाही.

मला हे जोरात सांगावं लागतंय कारण तळहात-तळपायावर काही दिसलं की आपल्याकडं लोकांच्या मनात पहिली भीती महारोगाची येते. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं त्याला पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो, तरी भीती गेली नाही. कुष्ठरोगात चट्ट्याची जाणीव जाते, टोचलं तरी समजत नाही. सॅफोचे फोड उलट दुखतात, आग होते, खाजतात. मावशीला दोन लग्नांत पोळ्या लाटायला बसू दिलं नाही. तिनं कोणाला काही म्हटलं नाही पण त्यानंतर ती लग्नांना जाणंच टाळायला लागली. फोड फुटलेले असताना पेशंटला हातांची काळजी घ्यावी लागते ती त्याच्या स्वतःसाठी, जखमेत घाण जाऊ नये म्हणून, दुसऱ्याला धोका आहे म्हणून नाही.

## औषध आहे का, आणि बरं होतं का

मुळापासून उपटून टाकणारं औषध आज नाही. पण दाबून ठेवणारी, दुखणं कमी करणारी, हाडाचं पुढचं नुकसान रोखणारी औषधं आहेत. रोग दुर्मीळ असल्यामुळे फक्त सॅफोसाठी म्हणून खास मंजूर केलेलं औषध नाही, दुसऱ्या सांधेरोगांची आणि हाडांची औषधं इथं वापरतात आणि कोणाला काय लागू पडेल हे वापरूनच कळतं. हा रोग सहसा जिवावर उठत नाही, हे मावशीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट झोपली.

सुरुवात सहसा सूज कमी करणाऱ्या पेनकिलरनं होते, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब वगैरे. या गोळ्या मेडिकलमधून मनानं घेत राहणं धोक्याचं आहे, पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. आणि आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात घाम गळत असताना, पाणी कमी पिऊन या गोळ्या खाल्ल्या तर किडनीला जास्तच जड जातं. उलट्या-जुलाब चालू असतील, ऊन लागलं असेल तर डॉक्टरला फोन करून विचारा, गोळी चालू ठेवू का म्हणून.

तेवढ्यानं भागलं नाही तर मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन यांसारखी जागलीला आवर घालणारी औषधं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच! रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी पडतात, जीव जाऊ शकतो. आम्ही मावशीच्या कॅलेंडरवर बाजाराच्या वारी लाल गोल करून ठेवलाय, बाजार म्हणजे गोळी. मधून मधून रक्त तपासावं लागतं, दारू चालत नाही आणि दिवस राहायचे असतील तर हे औषध चालतच नाही, आधी सांगावं लागतं.

हाडाच्या दुखण्यासाठी सलाईनमधून देतात ती पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड ही औषधं. म्हातारपणी हाडं ठिसूळ झाली की जी देतात त्याच जातीची. हाड खाणाऱ्या पेशींना ती शांत करतात आणि बऱ्याच जणांचं दुखणं त्यानं चांगलं उतरतं. पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, त्याला घाबरायचं नाही. पण त्याआधी दात तपासून घेणं फार महत्त्वाचं, कारण या औषधावर असताना सडका दात काढला तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही असं क्वचित होतं. आणि आपल्याकडं खर्रा खाऊन खाऊन दातांची, हिरड्यांची जी अवस्था असते, कित्येकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, ते पाहता दाताच्या डॉक्टरकडं आधी जाणं म्हणजे नुसती औपचारिकता नाही. बिडी-सिगारेटचा तर तळहातावरच्या या फोडांशी थेट संबंध दिसलेला आहे, असे फोड असणाऱ्यांत ओढणारे फार जास्त असतात.

याच्याही पुढची इंजेक्शनं आहेत, ॲडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब वगैरे, महाग आहेत. ती जागलीतल्या नेमक्या एका माणसाला गप्प करतात. पण आपल्यापैकी कितीतरी लोकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो आणि हीच जागल त्याच्यावर बसून असते. जागल उठून गेली की तो जागा होऊ शकतो. म्हणून इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. अजून एक विचित्र गोष्ट, हीच इंजेक्शनं काही जणांत उलट तळहातावर नवे फोड आणतात. तसं झालं तर लपवू नका, सांगा.

## मग पुडी, बिब्बा, पथ्य?

दुखणाऱ्या जागी बिब्बा लावणं आपल्याकडं जुनं आहे. बिब्ब्यानं कातडी भाजते, उततं, आणि सोरायसिससारख्या रोगांत जिथं कातडीला इजा तिथं नवीन रोग उठतो हे माहीत असलेलं आहे. मावशीच्या छातीवर अजून तो काळा डाग आहे.

वाताच्या पुड्यांचं तर त्याहून वाईट. दोन दिवसांत आराम पडणाऱ्या अशा बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आराम पडतो खरा, पण शुगर वाढते, चेहरा सुजतो, हाडं पोकळ होतात आणि पुडी अचानक बंद केली की दुखणं उसळून येतं, कधी कधी माणूसच कोसळतो. पुड्या घेतल्या असतील तर डॉक्टरला खरं सांगा, ते रागावले तरी सांगा, कारण स्टेरॉइड हळूहळू उतरवावं लागतं.

खाण्याचं विचाराल तर वांगं, दही, आंबट बंद केल्यानं सॅफो गेला असा पुरावा नाही. मावशीनं दोन वर्षं तुरीचं वरण सोडलं होतं, नुसती वाळत गेली बिचारी.

## लहान पोरांचं दुखणं

पोरांमध्ये याचाच भाऊबंद म्हणावा असा रोग असतो, १९७२ साली स्वित्झर्लंडमधल्या एका डॉक्टरानं पहिल्यांदा लिहिलेला. त्यांच्यात छातीपेक्षा पायाची लांब हाडं जास्त, गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ, कधी कॉलर बोन. पोरगं लंगडतं, रात्री रडतं, आणि आपण म्हणतो वाढीचं दुखणं आहे. वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांना असतं, सकाळी पोरगं खेळायला पळतं. एकाच जागी, आठवड्यानुआठवडे, हाडावर बोट ठेवलं की ओरडतं असं असेल तर एक्स-रे काढा. त्यात इन्फेक्शन, रक्ताचा किंवा हाडाचा कॅन्सर, सिकलसेल हे सगळं आधी पाहावं लागतं.

## कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं

या रोगाचे खरे डॉक्टर म्हणजे सांधेवाताचे स्पेशालिस्ट, रुमॅटॉलॉजिस्ट. ते विदर्भात मोजकेच आणि बहुतेक नागपुरातच. पण तिथं जाण्याआधी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन आणि स्किन या दोन्ही ओपीडीत एकाच दिवशी दाखवता आलं तर सगळ्यात चांगलं, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, नागपूर, जे जवळ असेल ते. खर्चाचं म्हणाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच जाऊन विचारा, महात्मा फुले योजनेत कोणता भाग बसतो ते, भरती झाल्यावर विचारू नका.

जुने एक्स-रे टाकून देऊ नका, दहा वर्षांपूर्वीचेही नाही, हाड कधीपासून जाड होतंय ते त्यावरूनच कळतं. आणि फोड आले की मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तळहाताचे, तळपायाचे, पाठीवरच्या मुरुमांचे. कारण आपला नंबर लागतो त्या दिवशी नेमका हात साफ असतो, मावशीचं तीनदा असं झालं होतं.

आता तिला सलाईन लागून दीड वर्ष झालं, केस स्वतः बांधते. फोड पूर्ण गेले नाहीत, थंडीत येतात. फोड आला की नातवाला हाक मारते, हात कंदिलाखाली धरल्यासारखा बल्बखाली धरते आणि म्हणते, "काढ बापू फोटू, तारखेसकट काढ."